षष्ठीची भरती

लुमेरा हा देश नकाशात शोधायचा तर भिंग लागेल. निळ्या पाण्यावर माशी बसून गेल्यासारखे पाच-पंचवीस ठिपके, की झाला देश. पण माझी नणंद दिशा त्या देशाबद्दल असं बोलते, जशी काही तिथल्या तिजोरीची चावी तिच्याच कमरेला आहे. बेलापूरच्या एका कंपनीत ती कामाला आहे. छोट्या छोट्या देशांची सरकारं दर वर्षी कुठे हात सैल सोडतात, कुठे आखडतात, ह्याचे आलेख काढून कुठल्याशा परदेशी बँकेला पाठवायचे, हे तिचं काम. करोनात लॅपटॉप घेऊन घरी आली ती पुन्हा गेलीच नाही. दिवेआगरपासून जवळच आमचा कोळीवाडा आहे. तिथे आमच्या घराच्या माळ्यावर बसून, खालून सुक्या जवळ्याचा वास नाकात जात असताना, ही बाई एका अख्ख्या सरकारचा खर्च तपासते.

मला आधी गंमत वाटायची. मी दोन होमस्टेंना जेवण पुरवते, त्यामुळे सकाळी माझी भाकऱ्यांची घाई असते. तव्यापुढून मी ओरडायची, "दिशा, आज तुझ्या सरकारने बाजारातून काय आणलं गो?" ती पण वरून तसंच उत्तर द्यायची. एकदा म्हणाली, "वहिनी, आज बोटी आणल्यात. वीस!"

त्या वीस बोटींनी माझा संसार बुडवला. तेव्हा मात्र ती बातमी मला साखरेसारखी गोड लागली होती.

झालं होतं असं की दोन हजार वीसच्या वादळात आमची होडी फुटली. नवी बांधायची ऐपत नव्हती. केतन, माझा नवरा, दुसऱ्यांच्या होड्यांवर खलाशी म्हणून जायचा, मध्येच खाडीतल्या फेरीबोटीवर बदली काम करायचा. त्याच्याकडे बोट चालवायचा परवाना होता, हात चांगला होता, पण स्वतःची होडी गेलेल्या कोळ्याला वाड्यात कोण विचारतो? तो जेवताना बोलेनासा झाला होता. दिशाने सांगितलं की लुमेराच्या सरकारने कर्ज काढून प्रवासी बोटी घेतल्या आहेत, बेटाबेटांत सरकारी फेऱ्या सुरू करणार आहेत आणि चालवायला त्यांच्याकडे पुरेशी माणसं नाहीत. "दादा, ह्या वर्षी त्यांचा सगळा पैसा समुद्रावर चाललाय. आत्ता गेलास तर गेलास," ती म्हणाली. तिनेच अर्ज भरला. आमची प्राप्ती तेव्हा तीन वर्षांची होती. केतन गेला.

पगार चांगला होता आणि वेळेवर यायचा. कुणाच्या तोंडाकडे बघायला लागत नव्हतं. केतनचा आवाज फोनवर पुन्हा पहिल्यासारखा झाला. आणि एक दिवस त्याने बाबांना फोनवर घेतलं आणि म्हणाला, "बाबा, तुमचा हिशोब इथंही जुळतो!"

बाबा म्हणजे माझे सासरे, हरेश्वर तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या. सासूबाई केतन-दिशा लहान असतानाच गेल्या. ह्या माणसाने दुसरं लग्न केलं नाही, दोन्ही पोरं एकट्याने वाढवली, दिशाच्या वेण्यासुद्धा स्वतः घातल्या. वाड्यात त्यांचा शब्द शेवटचा, आणि तो पाण्याबद्दल असेल तर विचारूच नका. त्यांचा हिशोब तसा सगळ्या किनाऱ्याला माहीत आहे. तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची, जो आकडा येईल तितक्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पोरालाही जमेल. पण आमच्या वाड्यात निम्म्या लोकांना तो बाबांनी शिकवलाय आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांच्या बापाने. कितीतरी घरांतले पुरुष त्या हिशोबावर दर्यात जातात आणि त्याच हिशोबावर घरी येतात.

केतनच्या त्या फोननंतर बाबांची छाती दोन इंच फुगली. जो भेटेल त्याला सांगत सुटले, "पार तकडं, दुनियेच्या टोकाला आमचा हिशोब चालतो. दर्या समद्यांचा येकच हाय!" हिरामण म्हणून आमच्या शेजारचा होडीवाला आहे, तो त्यांना मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारायचा आणि बाबा पुन्हा पुन्हा सांगायचे. म्हाताऱ्याच्या आयुष्यात एवढा आनंद मी कधी पाहिला नव्हता.

दुसऱ्या वर्षी दिशाचा सूर बदलला. जेवायला खाली यायची ती गप्प गप्प. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "वहिनी, त्यांचा खर्च आवळायला लागलाय." मला वाटलं, आपल्याला काय. केतनचा पगार तर येतोय. ती म्हणाली, "पगार येणारच गं. पगार कापला की माणसं रस्त्यावर येतात. कर्जाचं व्याज थांबवलं तर बँक गळा धरते. विमानतळ अर्धा बांधून झालाय, तो सोडला तर निवडणूक हरतात. मग कापणार काय? डागडुजी. दिव्याला बल्ब नाही घातला, बंदरात कुणी बोर्ड नाही लिहिला, तर ओरडणार कोण?"

हे मला लगेच कळलं. कळायला अर्थशास्त्र कशाला शिकायला हवं? आम्ही बायका हेच करतो. दूधवाल्याला देतो, शाळेची फी भरतो, पाहुणा आला तर त्याच्यापुढे सुरमई वाढतो, आणि फुटकी कौलं पुढच्या वर्षावर ढकलतो. फरक इतकाच की आमच्या फुटक्या कौलाखाली आम्हीच झोपतो. सरकार तिथे झोपत नाही.

दिशाने केतनला फोन केला, परत ये म्हणाली. तो हसला. "पगार वेळेवर येतोय गो, कशाला घाबरतीस?" तीन महिन्यांनी त्याची बदली झाली. आधी तो मोठ्या बेटावर होता. तिथे धक्क्यावर रोज सकाळी भरती-ओहोटीच्या वेळा फळ्यावर लिहिलेल्या असायच्या, त्यामुळे बाबांचा हिशोब त्याने नुसता गंमत म्हणून ताडून पाहिला होता. आता दोन-दोन बोटींच्या फेऱ्या एकात घातल्या आणि त्याला अगदी शेवटच्या बेटाच्या फेरीवर टाकलं. तिथला फळा कोरा होता. लिहिणारा माणूस काढला होता. पाणी मोजायचं यंत्र बिघडून पडलं होतं. मोबाइलच्या टॉवरला डिझेल नव्हतं म्हणून रेंज नव्हती. त्याच्या बोटीवरचे दोन स्थानिक खलाशीही कमी केले होते. राहिला एक, तोही मोठ्या बेटावरचा, त्याला ह्या पाण्याची काहीच माहिती नव्हती.

त्या बेटाभोवती खडकांचं कडं आहे. आत-बाहेर जायला एकच अरुंद वाट, आणि ती फक्त भरतीला बोटीखाली पाणी देते. केतनचा तिथे पहिलाच आठवडा होता. एक बाई अडली होती. तिथल्या दवाखान्यात नर्स होती, तिचा पगार चालू होता, पण औषध नव्हतं की सलाइन नव्हतं. बाईला मोठ्या बेटावर न्यायचं होतं. तिचे नातेवाईक, आणखी काही माणसं, सगळी बोटीत चढली. त्या दिवशी षष्ठी होती. सहाची पाऊणपट साडेचार. केतनने साडेचारला बोट सोडली.

ह्या शेवटच्या बेटाचं पाणी मोठ्या बेटाच्या पाण्याबरोबर चढत नाही. ते कित्येक तास मागे आहे. साडेचारला तिथे ओहोटी होती, पण धक्क्याशी पाणी खोल, वरून ते उतरलेलं कळत नव्हतं.

धक्क्यावर एक म्हातारा उभा होता. तो हाताने खाली खाली असं दाखवत होता, म्हणे. केतनने ते पाहिलं. त्याला वाटलं, म्हातारा बसा म्हणतोय, सांभाळून जा म्हणतोय. आणि तो थांब म्हणत असता तरी, केतनने मला नंतर फोनवर सांगितलं, "तरी मी गेलो असतो. बाई कशी ओरडत होती तू ऐकलं नाहीस. आणि हिशोब तर बाबांचा होता."

बोट खडकावर चढली, कलली आणि फुटली. पाच माणसं बुडाली. त्यात ती बाई होती.

केतन पोहून तिघांना घेऊन आला आणि किनाऱ्यावर येताच त्याला पकडलं.

त्यानंतरचे महिने मी कसे काढले ते मलाच माहीत नाही. भाकऱ्या थापत होते एवढं आठवतं. पर्यटक यायचे, मोदक आहेत का विचारायचे, मी आहेत म्हणायची. प्राप्ती सहा वर्षांची होत आली होती, शाळेत जात होती, पप्पा कधी येणार म्हणून विचारत होती. मी म्हणायची, बोटीचं काम चाललंय. खोटं नव्हतं ते.

तिकडच्या सरकारनेच केतनला एक वकीलबाई दिली, रोझाली नावाची. चांगली बाई होती. ती दिशाशी इंग्रजीत बोलायची आणि दिशा मला सांगायची. तिचं म्हणणं साधं होतं. चौकशी समितीपुढे दोन गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात. पहिली, फळा कोरा होता कारण सरकारने त्यावरचा खर्च बंद केला. ते दिशाने दाखवून दिलं. कुठे चोरून आणलं नव्हतं काही, त्यांच्या अर्थसंकल्पातच छापलेलं होतं: बंदरांची देखभाल, दिवे, पाण्याची मोजमापं, आधी एवढे, मग त्याच्या निम्मे, मग शून्य. दुसरी गोष्ट अशी की फळा कोरा असताना केतनने जे केलं ते बेफिकिरीने केलं नाही. त्याला लहानपणापासून जे शिकवलं त्याप्रमाणे, नीट विचार करून केलं. त्याचा हिशोब बरोबर होता, फक्त तो हिशोब त्या बेटाला लागू नव्हता, आणि हे त्याला सांगायचं काम ज्या माणसाचं होतं त्या माणसाला सरकारने घरी बसवलं होतं.

"म्हणजे कुणीतरी सांगायला हवं की दादाला हे शिकवलं होतं," दिशा म्हणाली. "आणि हेही, की हा हिशोब सगळीकडे चालत नाही, आणि ते दादाला कधी कुणी सांगितलं नव्हतं. हे बाबांनी सांगितलं की दादा सुटला. रोझालीबाई म्हणते, दिवाळीला घरी."

बाबांची साक्ष व्हिडिओवर होणार होती. मी त्यांची तयारी करून घेतली. मी खुर्चीवर साहेब होऊन बसायची, हातात डाव, आणि ते समोर पाटावर.

"षष्ठीला भरती किती वाजता?"

"साडेचार."

"पण आमच्याकडे तर साडेचारला ओहोटी होती. म्हणजे तुमचा हिशोब चुकला?"

इथे त्यांची गाडी अडायची. "आमचा हिशोब चुकला कसा म्हनू?"

"चुकला म्हणू नका. तुमच्या बेटाला लागू नाही, असं म्हणा."

"ते येकच झालं गो."

मी चिडायची. एक दिवस तर मी डाव आपटला आणि म्हणाले, "बाबा, तुम्हाला हिशोब प्यारा की पोरगा?" सुनेने सासऱ्याला असं बोलू नये हे मलाही कळतं. ते उठून बाहेर गेले. बऱ्याच वेळाने आत आले, प्राप्ती अभ्यास करत होती तिच्याजवळ बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "बोलेन मी. पोरापेक्षा हिशोब मोठा न्हाय." त्या दिवसापासून त्यांनी सगळं न अडखळता म्हणून दाखवलं. मी मनातल्या मनात दिवाळीच्या करंज्या मोजायला लागले.

साक्षीच्या दिवशी आमच्या घरचं इंटरनेट नेमकं गेलं. मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात चांगलं आहे म्हणून आम्ही तिथे गेलो. सकाळची वेळ होती. टेबलावर लॅपटॉप ठेवला, बाबांना समोर बसवलं. धुतलेला सदरा, डोक्यावर टोपी. दिशा एका बाजूला, मी दुसऱ्या.

आणि मग वाडा यायला लागला.

आमच्याकडे रीत आहे. कुणाच्या घरावर प्रसंग आला की वाड्यातले पुरुष कामं टाकून येतात आणि बसतात. बोलत नाहीत, सल्ले देत नाहीत. नुसते बसतात, म्हणजे त्या घराला वाटावं की आपण एकटे नाही. वादळात होडी फुटली तेव्हा बसले होते. सासूबाई गेल्या तेव्हाही बसले होते, असं ऐकलंय. त्या दिवशी होड्या ओढून ठेवून सगळे आले. हिरामण आला, त्याचे दोघे भाऊ आले, म्हातारे आले, काल-परवा दर्यात जायला लागलेले पोरगे आले. खुर्च्या संपल्या तेव्हा जमिनीवर बसले, दारात उभे राहिले. सगळे आमच्यासाठी आले होते. त्यांना जा म्हणायला माझी जीभ उचलली नाही, आणि म्हटलं असतं तरी कुणी गेलं नसतं. ह्या चांगुलपणाचा मला आजही इतका राग येतो की दात शिवशिवतात.

पडद्यावर एक लांब टेबल दिसत होतं. मधोमध समितीचे मुख्य साहेब, पांढरे केस, हसरा चेहरा. एका बाजूला रोझालीबाई. दुसऱ्या बाजूला दोन पोलिसांच्या मध्ये केतन. किती वाळला होता! त्याने आम्हाला बघून हात हलवला, आणि लगेच खाली घेतला. साहेब इंग्रजीत विचारायचे आणि त्यांचा एक दुभाषा ते हिंदीत सांगायचा; बाबांचं मराठी त्याला कळायचं.

आधी रोझालीबाईने विचारलं. बाबा छान बोलले. तिथी, पाऊणपट, षष्ठीला साडेचार. केतनला कोणत्या वयापासून होडीवर नेलं, कसं शिकवलं. दिशाने टेबलाखाली माझा हात धरला.

मग साहेबांनी विचारलं. अगदी गोड आवाजात. "तांडेल, तुम्ही हा हिशोब किती जणांना शिकवलाय?"

बाबांनी मान वळवून मागे बघितलं. "ह्ये काय, समद्यांना. ह्ये बसलेत ते समदे."

"आणि ते सगळे त्यावर समुद्रात जातात?"

"व्हय."

"मग आम्हाला जरा समजावून सांगा. आमच्या बेटावर त्या वेळी ओहोटी होती. म्हणजे तुम्ही चाळीस वर्षं ह्या सगळ्यांना चुकीचा हिशोब शिकवलात का?"

दुभाष्याने ते हिंदीत म्हटलं, आणि हिंदी आमच्या वाड्यात सगळ्यांना कळते. दारात उभे होते ते आत सरकले. बाबांनी तोंड उघडलं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होते. तुमच्या बेटाला लागू नाही. एवढंच. शंभरदा म्हणून झालेलं वाक्य.

मागे हिरामण खाकरला. नुसताच खाकरला, त्यात काही नव्हतं. बाबांचे खांदे ताठ झाले.

"हिशोब चुकत न्हाय," ते म्हणाले. "माज्या बापाचा, आज्याचा हिशोब हाय तो. पोरानं तिथी नीट धरली नसंल. पंचमी असंल त्या दिशी."

"बाबा!" मी ओरडले. दिशा उभी राहिली, म्हणाली, "षष्ठी होती! पंचांगात बघा, षष्ठीच होती!" पण साक्षीदाराशिवाय कुणी बोलायचं नाही असा तिकडचा नियम होता, त्यांनी आमचा आवाज बंद करून टाकला. आम्ही काचेमागच्या माशांसारख्या तोंडं हलवत राहिलो.

साहेब केतनकडे वळले. "तुझे वडील म्हणतात, तू तिथी चुकलास. असं झालं का?"

रोझालीबाईने मान जोराने हलवून त्याला नाही म्हणायला खुणावलं. केतनने तिच्याकडे बघितलंच नाही. तो पडद्याकडे बघत होता, बाबांकडे. मला वाटलं, आता तो बोलेल. त्याला तर माहीत होतं. त्या दिवशीची तिथी तो जन्मात विसरणार नव्हता.

"हो," केतन म्हणाला. "बाबा म्हणतात तसंच. मी तिथी चुकलो."

रोझालीबाईने डोळ्यांवरून चष्मा काढला आणि समोरचे कागद गोळा करायला लागली. साहेबांनी काहीतरी लिहून घेतलं. मग पडदा काळा झाला.

माणसं उठली. एकेक जण बाबांच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर गेला. एक म्हातारा म्हणाला, "तांडेल, तुमी आपल्या वाड्याची लाज राखलीत." मी तिथल्या तिथे त्याच्या अंगावर धावून गेले असते, पण दिशाने मला घट्ट धरून ठेवलं होतं.

निकाल महिन्याभराने लागला. बोटचालकाने कबुली दिली आहे. स्वतःच्याच पद्धतीप्रमाणे तिथी मोजण्यात त्याने हलगर्जीपणा केला. सरकारी यंत्रणेची कोणतीही कसूर आढळली नाही. समितीच्या ह्या निकालावर तिथल्या कोर्टाने सात वर्षांची कैद दिली. रोझालीबाईने वरच्या कोर्टात जायचं म्हटलं, पण कबुलीनंतर तिच्या आवाजातही दम नव्हता. त्या मेलेल्या पाच जणांच्या घरच्यांना काय मिळालं हे मला कुणी सांगितलं नाही. त्यांनाही बहुतेक एवढंच मिळालं, एका परक्या माणसाचं नाव.

पुढच्या वर्षीचा त्यांचा अर्थसंकल्प आला तेव्हा दिशा माळ्यावर बसून तो वाचत होती. मी चहा घेऊन गेले. तिने बोट ठेवून दाखवलं. पगार वर. व्याज वर. विमानतळ वर. बंदरांच्या देखभालीपुढे पुन्हा शून्य. "चौकशीतच ठरलंय ना, की सरकारची चूक नाही," ती म्हणाली. "मग कशाला खर्च करतील?" तिने तो आलेख काढला आणि बँकेला पाठवला. नोकरी सोडावी असं तिला रोज वाटतं. पण केतनचा पगार थांबल्यापासून घर तिच्या पगारावर आणि माझ्या भाकऱ्यांवर चालतं.

केतनचा फोन महिन्यातून एकदा येतो, तोही थोडाच वेळ. निकालानंतरच्या पहिल्याच फोनला मी त्याला विचारलं, "तू हो का म्हणालास रे?" आधी त्याने प्राप्तीच्या शाळेचं विचारलं. इकडे फोनचा वेळ जात होता. मग म्हणाला, "मला बाबांचा चेहरा दिसत होता, कल्पिता. तू बाजूला होतीस, तुला दिसला नसेल. त्यांना काही बोलू नकोस. त्यांच्याकडे तेवढंच आहे."

"आणि माझ्याकडे काय आहे?" मी म्हणाले. फोन तोवर कटला होता, त्याने ऐकलं की नाही मला ठाऊक नाही.

त्याचं ऐकून मी कित्येक दिवस तोंड शिवून घेतलं. बाबांना जेवायला वाढत होते, औषध देत होते, पण त्यांच्याशी बोलत नव्हते.  ते सकाळपासून ओटीवर बसून कुणाकुणाची फाटकी जाळी शिवायचे. मग परवा दुपारी, मी बोंबील वाळत घालत होते, तेव्हा त्यांनी एकदम विचारलं, "सात वर्सांनी प्राप्ती केवडी व्हईल गो?"

"तेरा," मी म्हणाले. आणि मग माझ्याने राहवलं नाही. हातातले बोंबील टाकले आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. "बाबा, एक खरं सांगा. त्या दिवशी षष्ठी होती, हे तुम्हाला माहीत होतं ना?"

त्यांचा हात थांबला. "व्हय," ते म्हणाले. "षष्ठीच व्हती."

"मग पंचमी का म्हणालात?"

त्यांनी मान वर केली नाही. जाळ्यातलं भोक दोन बोटांनी ताणून धरलं होतं, ते तसंच धरून बसले.

"समदी बसली व्हती गो," ते म्हणाले.